मोटारीचा पत्रा आणि चाकामागचा चिखल

आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. मोटारीच्या चाकामागे रबराची किंवा प्लॅस्टिकची जी पट्टी लोंबत असते, जिला सगळेच मडफ्लॅप म्हणतात, ती गाडीच्या पत्र्याला इजा न करता कशी बसवावी, एवढाच हा विषय आहे. ही वस्तू फारशी महाग नसते. सुट्या भागांच्या दुकानासमोर, रस्त्याच्या कडेला, अर्ध्या तासात ती बसवूनही मिळते. परंतु या अर्ध्या तासात पत्र्याला जी भोके पाडली जातात, त्यांपासूनच पुष्कळदा गाडी गंजू लागते; आणि काही पावसाळ्यांनंतर पत्रा कापून, जोडून, लांबी भरून, रंग देऊन घेण्याची वेळ आली म्हणजे त्या पट्टीच्या कित्येक पट किंमत मोजावी लागते. पत्रा राखण्यासाठी आणलेली वस्तूच पत्र्याचा घात करते. सामान्य कुटुंबात घराखालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे विषय तितकासा क्षुल्लक राहत नाही.

हा घात कसा होतो हे पाहण्यास रायपूर हे योग्य ठिकाण आहे. याचे कारण तेथील माती. छत्तीसगडचा शेतकरी आपल्या जमिनीच्या चार जाती सांगतो : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा ही उंचवट्यावरची तांबडी, खडेमिश्रित, उथळ जमीन. मटासी पिवळसर व हलकी. डोरसा मधल्या प्रतीची. आणि सखल भागातील काळी, भारी, चिकण जमीन ती कन्हार. मराठी वाचकाला यातील शेवटचे नाव परके वाटू नये. भंडारा व चंद्रपूर या धानाच्या जिल्ह्यांतही शेतकरी कन्हार, मोरंड, खर्डी, बरडी अशीच जमिनीची प्रतवारी करीत आले आहेत. रायपूर जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. परंतु जमिनीचे हे नाते राज्यकारभाराच्या नात्याहून कितीतरी जुने आहे.

मोटारीच्या दृष्टीने या चार जातींपैकी दोन महत्त्वाच्या. भाट्याचे खडे आणि तिच्याच जातीचा तांबडा मुरूम रस्त्यांच्या बाजूपट्ट्यांवर पसरलेला असतो. चाकाने उडविलेला खडा पत्र्यावर आदळला की रंगाचा टवका उडतो. कन्हारीची गोष्ट वेगळी. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, चिकटतात आणि ते पाणी सहजासहजी सोडीत नाहीत. वाळूमिश्रित चिखल दुसऱ्या दिवशी वाळून झडून जातो. कन्हारीचा चिखल चाकावरच्या कमानीत बसला की वरून सुकल्यासारखा दिसतो आणि आत पत्र्यालगत ओला राहतो. रायपूरला वर्षाकाठी सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. म्हणजे वर्षातील साडेतीन महिने शहराबाहेर जाणारी गाडी खडा आणि ओला चिखल अशा दोन शत्रूंच्या माऱ्यात असते. ग्रेट ईस्टर्न रोड, ज्याला रायपुरात नुसते जी. ई. रोड म्हणतात, तो रुंद व डांबरी आहे हे खरे. पण तो सोडून खेड्याकडे वळले, की हा मारा सुरू झालाच.

आता चाक चिखल कसा उडविते ते पाहू. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो आणि सर्वांत वरचा बिंदू गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. टायरला चिकटलेला चिखलाचा गोळा सुटतो तो चाकाच्या स्पर्शरेषेत सुटतो. गाडी ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असेल, तर चाकाच्या मागच्या बाजूने, आसाच्या उंचीवरून सुटलेला गोळा तितक्याच वेगाने सरळ वर जाऊ पाहतो. मध्ये काहीच नसते आणि हवेचा अडथळाही नसता, तर तो ५ मीटरपर्यंत उंच उडाला असता. वेग दुप्पट झाला तर ही उंची चौपट होते. हे वर जाणारे गोळे मडगार्डची कमान अडवते. परंतु चाक जमीन सोडते तेथून जवळच, खालच्या अंगाने जे खडे सुटतात, ते तिरपे मागे जातात. त्यांना अडवायला कमान पुरत नाही. पुढच्या चाकाचे हे खडे दारांच्या खालच्या कडेवर आणि दाराखाली जी लांब पोकळ पेटी असते तिच्यावर आदळतात. मागच्या चाकाचे खडे व पाणी पाठीमागून येणाऱ्या सायकलस्वारावर जातात. मडफ्लॅपचे काम एवढेच : कमान जेथे संपते तेथून खाली तिचे काम पुढे चालविणे. युरोपीय समुदायाने १९९१ मध्ये जड वाहनांच्या चाकांमागून उडणारे तुषार रोखण्यासाठी स्वतंत्र निर्देश काढला, तो मागून येणाऱ्याच्या दृष्टीसाठी. पावसात मालमोटारीच्या मागे अडकलेल्या चालकाला त्याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

मग ही पट्टी बसविताना पत्र्याचे काय होते? यासाठी मोटारीचा पत्रा कारखान्यात कसा तयार होतो हे थोडे विस्ताराने पाहावयास हवे, कारण सगळे मर्म तेथेच आहे.

आजच्या मोटारीच्या बाहेरच्या पत्र्याची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्यावरचे रंगाचे सारे थर एकत्र केले तरी जाडी भरते मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतकी. पुष्कळ गाड्यांत पत्र्यावर मुळातच जस्ताचा पातळ लेप असतो. गाडीचा सांगाडा जोडून पूर्ण झाला की तो धुऊन, फॉस्फेटचे संस्कार करून, प्राइमरच्या प्रचंड हौदात सगळाच्या सगळा बुडवितात आणि विजेचा प्रवाह सोडतात. विजेच्या ओढीने रंगाचे कण पत्र्याच्या उघड्या पृष्ठभागावर, कोपऱ्यांत आणि पोकळ पेट्यांच्या आतही जाऊन बसतात. ही पद्धत अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात प्रत्यक्ष उत्पादनात आणली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. हा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका असतो. पण गंजाविरुद्धचा खरा पहारा तोच करतो. वरचा झळझळीत रंग मुख्यतः शोभेसाठी आणि उन्हापासून रक्षणासाठी.

यातून एक साधी गोष्ट निघते. कारखान्यात पाडलेले भोक सांगाडा हौदात बुडण्यापूर्वीच पाडलेले असते. त्यामुळे त्याच्या काठावरही तो थर बसतो. रस्त्याच्या कडेला ड्रिलने पाडलेले भोक मात्र उघड्या लोखंडाचे असते. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना रंग असतो, जस्त असते. आणि मधल्या पाऊण मिलिमीटरच्या कडेला काहीही नसते. त्या कडेला स्क्रू आवळला जातो, त्याचे आटे उरलासुरला रंगही खरवडून काढतात आणि त्यावर मडफ्लॅपचे रबर दाबून बसते. दिसायला भोक झाकले गेले. वस्तुतः ते ओलाव्यासकट कोंडले गेले.

कोंडलेला ओलावा उघड्या ओलाव्यापेक्षा वाईट का, हे केंब्रिजचे शास्त्रज्ञ यू. आर. इव्हान्स यांनी एका साध्या प्रयोगाने दाखविले. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर त्यांनी खारट पाण्याचा एक थेंब ठेवला. वाटेल असे, की थेंबाच्या काठावर हवा सहज पोहोचते, तेव्हा लोखंड तेथे अधिक गंजावे. घडते ते उलट. थेंबाच्या मध्यभागी, जेथे प्राणवायू कमी पोहोचतो, तेथे लोखंड विरघळू लागते. काठावरचा भाग सुरक्षित राहतो. आणि गंजाचे तांबूस कडे दोहोंच्या मध्ये जमते. एकाच थेंबात एक लहानशी विजेची बॅटरी तयार होते आणि तिच्यात हवेला पारखी असलेली जागा खर्ची पडते. मडफ्लॅपखालची फट आणि तिच्यात बसलेली कन्हारीची माती ही अशाच थेंबाची मोठी आवृत्ती होय. बाहेरून रंग शाबूत दिसतो आणि आत पत्रा झिजत जातो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून उचलतो. पृष्ठभागावर पहिला फोड दिसतो तेव्हा काम बरेच पुढे गेलेले असते. दिल्लीजवळच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे टिकला म्हणून त्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच स्तंभाचा जमिनीत पुरलेला भाग मात्र गंजला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.

रायपूरच्या हवेत आणखी एक गोष्ट आहे. उरला व सिलतरा या औद्योगिक भागांत लोखंडाचे कारखाने आहेत, आणि जेथे कोळसा जळतो तेथे हवेत गंधकाचा वायू मिसळतो. ओल्या लोखंडावर हा वायू बसला की गंजण्याची गती वाढते. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांत जे काम मीठ करते त्यातले थोडेफार काम कारखान्याच्या परिसरात धूर करतो.

जुन्या पिढीला या साऱ्याची फारशी झळ लागली नाही, असे काही जण म्हणतात. ॲम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात जुन्या टायरचे किंवा यंत्राच्या पट्ट्याचे रबर कापून, पत्र्याला भोके पाडून, वायसर घालून ते ठोकून देत आणि गाड्या वर्षानुवर्षे धावत. यात तथ्य थोडे आणि विस्मरण अधिक आहे. त्या गाड्याही गंजत होत्या. फक्त ते गृहीत धरलेले असे, आणि पत्रा ठोकून डाग देणारा कारागीर गल्लीत असे. ॲम्बॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, पद्मिनीचे त्याच्या पुष्कळ आधी. ती सवय मात्र दुकानदारांच्या हातात अजून शिल्लक आहे. आजच्या गाडीचे पुढचे मडगार्ड सामान्यतः बोल्टने जोडलेले असते. ते कुजले तर काढून नवे बसविता येते. मागच्या चाकावरचा पत्रा मात्र सांगाड्याला डाग देऊन एकजीव केलेला असतो. तो बदलावयाचा म्हणजे गाडी कापावी लागते. मागच्या चाकाजवळ ड्रिल उचलणाऱ्याने एवढे तरी आठवावे.

सुदैवाने बहुतेक गाड्यांत ड्रिल उचलण्याची गरजच नसते. चाकाच्या कमानीत आतून काळ्या प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि ते कमानीच्या कडेला स्क्रूंनी किंवा प्लॅस्टिकच्या खुंट्यांनी धरलेले असते. त्याच गाडीसाठी बनविलेला मडफ्लॅप या मूळच्या भोकांशी जुळेल असाच घडविलेला असतो. तेव्हा पहिला नियम खरेदीचा : 'सगळ्या गाड्यांना चालते' अशी पट्टी न घेता आपल्या गाडीच्या नमुन्याची, त्या सालच्या बनावटीची पट्टी घ्यावी. थोडे पैसे वाचविण्यासाठी सर्वांना चालणारी वस्तू घेतली, की ती आपल्या गाडीला चालविण्यासाठी भोके पाडणे ओघानेच येते.

बसविण्यापूर्वी कमानीची कड आतून-बाहेरून धुवावी आणि पूर्ण कोरडी होऊ द्यावी. हे काम पावसाळा तोंडावर आला असता घाईने करण्यापेक्षा मे महिन्यात करावे. रायपूरच्या मे महिन्यात कोरडे होण्यास कशालाच वेळ लागत नाही. पुढच्या चाकासाठी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, म्हणजे चाकामागे हात जाण्याइतकी जागा होते आणि गाडी उचलावी लागत नाही. मागच्या चाकाला ही सोय नाही. तेथे जागा अपुरी वाटली तर गाडी उचलून चाक काढावे. पण नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, भक्कम घोडी लावावी.

त्यानंतर अस्तराचा मूळ स्क्रू काढून, पट्टी जागी धरून, तोच स्क्रू अथवा पट्टीबरोबर मिळालेला किंचित लांब स्क्रू पुन्हा त्याच भोकात घालावा. सगळे स्क्रू आधी हातानेच सैल बसवावेत, पट्टी कमानीच्या वळणाशी नीट जुळवावी आणि मगच एकेक आवळावा. पहिलाच स्क्रू घट्ट केला तर उरलेली भोके जुळत नाहीत आणि मग कारागीर पट्टी ओढून जुळवितो. तो ताण पुढे कायम पत्र्याच्या कडेवर राहतो. स्क्रू आवळायचा तो पट्टी हलणार नाही इतकाच. प्लॅस्टिकच्या अस्तरात फार जोर दिला तर आटे जातात.

भोकांचा प्रश्न सुटला तरी दुसरा एक प्रश्न उरतो आणि तोच बहुधा दुर्लक्षिला जातो. पट्टीची कड रंगाला टेकलेली असते. गाडी चालू असता ती सारखी थरथरते. मध्ये बारीक वाळू शिरली, की पट्टीची कड पॉलिश कागदासारखी काम करते आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा रंग घासून काढायला तिला फार दिवस लागत नाहीत. भोक न पाडताही उघडे लोखंड मिळते ते असे. यासाठी पट्टी जेथे जेथे रंगाला टेकते तेथे आधी रंगरक्षक पारदर्शक फिल्म चिकटवावी. पत्र्याच्या कडेवर सरकवून बसविण्याचे स्प्रिंगच्या पोलादाचे चाप पुष्कळदा पट्टीबरोबर मिळतात; तेही कडेचा रंग कापतात, तेव्हा त्यांच्याखालीही हीच फिल्म हवी. वरच्या बाजूची फट मात्र सिलिकोन भरून बुजवू नये. चारी बाजू बंद केल्याचे समाधान मिळते, पण पाणी कोठून ना कोठून आत जातेच आणि मग त्याला बाहेर पडण्यास वाट राहत नाही. दाराखालच्या पेटीला तळाशी पाणी निथळण्यासाठी छिद्रे ठेवलेली असतात. पुढच्या चाकाची पट्टी फार आत सरकली तर त्यांतील एखादे छिद्र झाकले जाते, तेही पाहून घ्यावे. दुहेरी चिकटपट्टीने मडफ्लॅप चिकटविण्याचा मार्ग सोपा दिसतो. मे महिन्याच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर आणि त्यानंतर चिखलाच्या भाराखाली ती चिकटपट्टी टिकेल असे मानण्यास आधार नाही; पट्टी सुटून चाकात आली तर नुकसान रंगापुरते राहणार नाही.

काही जुन्या गाड्यांत मूळचे भोकच नसते आणि तेथे ड्रिलला पर्याय उरत नाही. अशा वेळी भोक पाडावयाचे ते कमानीच्या आत वळलेल्या कडेत, बाहेरच्या दर्शनी पत्र्यात कधीही नाही. आधी पाठीमागे काय आहे ते पाहावे. ज्या बाजूला पेट्रोल भरण्याचे झाकण असते, त्या बाजूच्या मागच्या कमानीतूनच टाकीकडे जाणारी नळी बहुधा उतरलेली असते; ब्रेकची रबरी नळी आणि चाकाचा वेग मोजणाऱ्या यंत्रणेची तारही जवळच असते. कागदी चिकटपट्टी लावून तिच्यावर खूण करावी, म्हणजे ड्रिलचे टोक घसरून रंगावर ओरखडा उठत नाही. भोक पाडल्यावर काठावरची खरखर बारीक गोल कानशीने काढावी आणि उडालेला लोखंडाचा कीस एकूण एक पुसून घ्यावा. रंगावर राहिलेला कीस पहिल्या पावसातच गंजतो आणि त्याचे तांबूस ठिपके धुऊन जात नाहीत. मग उघड्या काठाला प्राइमर, तो वाळल्यावर रंग, आणि तोही पूर्ण वाळल्यावर मेण किंवा ग्रीस. येथेच कारागीर घाई करतो, कारण गिऱ्हाईक उभे असते. रंग ओला असताना घातलेला स्क्रू तो रंग आपल्याबरोबर खरवडून नेतो आणि केलेले सारे व्यर्थ जाते. शक्य असेल तर भोकात प्लॅस्टिकचे नट बसवून स्क्रू त्यात आवळावा, म्हणजे लोखंडाला लोखंड भिडत नाही. स्क्रू गरजेपेक्षा लांब नसावा. खड्ड्यात चाक वर येते तेव्हा त्याचे टोक टायरला लागू शकते.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत वळवून पट्टी टायरला घासत नाही ना ते पाहावे. चार माणसे बसवून पुन्हा पाहावे, कारण भाराने गाडी खाली बसते. पट्टी फार खाली लोंबती ठेवण्याची हौस काहींना असते. गाडी मागे घेताना अशी पट्टी फुटपाथच्या कडेला किंवा टायरखाली अडकते आणि स्क्रूंसकट कमानीची कड ओढून वाकविते. बाजारातल्या रुंद, रंगीत अक्षरांच्या पट्ट्यांबद्दल येथे अधिक बोलण्याचे कारण नाही.

एवढे करूनही पट्टीमागे माती साचणारच. म्हणून पावसाळ्यात निदान एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पट्टी सोडवून तिच्यामागची जागा पाण्याच्या धारेने धुवावी आणि उन्हात वाळू द्यावी. छत्तीसगडात आषाढाच्या अमावास्येला, मराठी घरांत दिव्याची अवस असते त्याच दिवशी, हरेली साजरी होते. उत्तरेकडील गणनेत ती श्रावणाची अमावास्या. शेतकरी नांगर, कुदळ, फावडे धुऊन त्यांची पूजा करतात आणि मुले चिखलातून बांबूच्या गेडीवर चढून फिरतात. औजारे धुण्याचा हा दिवस ऐन चिखलाच्या हंगामात येतो. गाडीची पट्टी सोडवून पाहण्यासही तो दिवस सोयीचा आहे. काढलेली पट्टी परत बसविताना स्क्रूच्या काठाभोवती तांबूस रेघ दिसली तर तेथेच थांबावे, ती जागा लखलखीत होईपर्यंत घासावी आणि प्राइमर लावून वाळेपर्यंत त्या चाकाला पट्टीशिवायच राहू द्यावे.